गब्दूनं ठेवलेलं नाव

भिंगरी त्या दिवशी पाळणाघरात दोन तास आधी पोचली, आणि तिथंच सगळं बिनसलं. एरवी ती पाचाला पाच कमी असताना धापा टाकत यायची, दारातूनच मुलाला उचलायची आणि आली तशी निघायची. भिंगरी हे तिला वडिलांनी दिलेलं नाव. पायाला भिंगरी लावूनच जन्मलेली पोर, एका जागी म्हणून बसायची नाही. पुढं लग्न झालं, नोकरी लागली, मूल झालं, वय तिशी ओलांडून गेलं, तरी ते नाव काही सुटलं नाही. ते खोटं ठरावं असं तिनंही काही केलं नव्हतं.

तर कचेरीतली वीज गेली म्हणून ती अडीचलाच सुटली, आणि दार वाजवण्याआधी सहज खिडकीतून आत डोकावली. आत दहा मुलं होती. नऊ आज ना उद्या बोलतील अशी, आणि दहावा तिचा गब्दू. गब्दू वीस महिन्यांचा, गालांनी आणि पोटानं नावाला जागणारा, आणि दोन्ही कानांनी ठार बहिरा. तो बुटक्या टेबलापाशी एका कुरळ्या केसांच्या मुलीसमोर बसला होता, आणि दोघांच्या मध्ये केळ्याची रिकामी साल पडली होती. मुलीनं दोन्ही हातांची बोटं जुळवून एकमेकांवर टेकवली. अजून हवं, असं ते होतं. गब्दूनं दोन्ही पंजे उलटे करून दाखवले. संपलं. मग त्यानं जरा विचार केला, समोरच्या दातावर बोट आपटलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बोट केलं. मुलगी उठली, दुडुदुडु आत गेली आणि सोन्याचा दात असलेल्या मावशींना पदराला धरून बाहेर घेऊन आली.

भिंगरी खिडकीशी खिळून राहिली. कारण हाच मुलगा घरी हात उचलायचा नाही. पाणी हवं असलं तर माठाजवळ जाऊन उभा राहायचा, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत तसाच उभा राहायचा. लोक म्हणायचे, किती शहाणं मूल आहे हो तुमचं. तीही म्हणायची, हो, आता वळण लागलंय त्याला.

वळण लागलं होतं ते तिनंच लावलं होतं. गब्दू चौदा महिन्यांचा असताना तपासणी झाली आणि त्याला ऐकू येत नाही हे कळलं. तोवर सासूबाई सगळ्यांना समजावत होत्या की काळजीचं काही कारण नाही, याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आणि त्यानंतर तरी कुठं बोलला. निदान झालं त्या दिवशी मात्र सासूबाईंनीही तो विनोद केला नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. कानाच्या आत एक यंत्र बसवायचं, मग महिनाभरानं ते सुरू करायचं, मग ऐकायला शिकवायचं. तारीख मिळाली ती आता दीड महिन्यावर आली होती. तोपर्यंत तयारी म्हणून स्पीच थेरपीच्या मॅडमकडं जायचं, आणि मॅडमचा पहिला नियम होता तो हातांबद्दल. हातवारे बंद. हातानं काम भागायला लागलं की जीभ कशाला कष्ट घेईल, असं त्या म्हणायच्या. त्याला समोर बसवा, त्याचे हात धरून ठेवा आणि तुमच्या तोंडाकडं बघायला लावा.

भिंगरीला कुठलीही गोष्ट अर्धवट जमायची नाही. ती रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास गब्दूला समोर घेऊन बसायची. त्याची दोन्ही मनगटं आपल्या डाव्या मुठीत धरायची, उजव्या हातानं त्याची हनुवटी वर करायची आणि ओठ ताणून म्हणायची, आ... ई. आ... ई. शिवाय दिवसभरात त्याचा हात कशासाठीही वर गेला, की ती असेल तिथून धावत येऊन तो हात धरायची. दोन महिन्यांत हात वर जायचे बंद झाले. मॅडमनी तिची पाठ थोपटली.

गब्दू मात्र त्या अर्ध्या तासात रडायचा नाही. तो डोळे मिटून घ्यायचा. ज्याला ऐकू येत नाही त्यानं डोळे मिटले, की पुढं कुणाचंच काही चालत नाही. भिंगरी त्याच्या पापण्यांवर फुंकर घालायची, गुदगुल्या करायची, शेवटी चिडून त्याला गदागदा हलवायची, आणि मग स्वतःच न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची.

आवाजावर तिचा एवढा भरवसा का होता, हे तिच्या नोकरीवरून कळेल. ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारीच्या फोनवर बसायची. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतलं लाल बटण दाबायचं, आणि तो फोन भिंगरीकडं यायचा. मेकॅनिक पोचेपर्यंत आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं, हे तिचं काम. घाबरलेली म्हातारी माणसं, चिडलेले साहेब, एकदा तर नवरीसकट अर्धं वऱ्हाड. भिंगरी त्यांच्याशी पोराबाळांपासून गुडघेदुखीपर्यंत काय वाटेल ते बोलायची, आणि माणसं सुखरूप बाहेर यायची. जगात कुणी अडकलं तर त्याला आधी हाक मारता आली पाहिजे, एवढं तिला नोकरीनं शिकवलं होतं. आणि स्वतःसाठी तिला एकच गोष्ट हवी होती, जी तिनं नवऱ्यालासुद्धा धड सांगितली नव्हती. गब्दूनं तिला हाक मारावी. बाकी तो शिको न शिको.

त्यामुळं खिडकीतून ते सगळं पाहिल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आत शिरली ती थेट पाळणाघराच्या ताईंसमोर. ताई पन्नाशीच्या, डोक्यावर मोठा अंबाडा, आवाज असा की झोपलेल्या मुलाची पापणी हलू नये. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाटातून भिंगरीचा प्रवेशाचा अर्ज काढून तिच्यापुढं ठेवला. आठव्या महिन्यापासून इथं प्रत्येक मुलाला खुणा शिकवल्या जातात, असं त्यात तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, आणि खाली भिंगरीची सही होती. सही करताना ती घाईत होती. ती कधी नव्हती?

ताई चौदा वर्षं हे करत होत्या. त्यांचा थोरला भाऊ बहिरा, सुतारकाम करायचा, इथली बुटकी टेबलं त्यानंच केलेली. खुणा त्या त्याच्याकडून शिकल्या. पण पाळणाघरात त्यांनी खुणा आणल्या त्या ऐकू येणाऱ्या मुलांसाठी. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोराला आधी दात येतात आणि मग शब्द, आणि मधल्या काळात ते चावत सुटतं. दूध, पाणी, अजून, संपलं, दुखतंय, नको, एवढं हातानं सांगता आलं की चावणं निम्म्यावर येतं. गब्दू त्यात येऊन पडला तो पाण्यात मासा पडावा तसा. बाकीची मुलं आठ-दहा खुणांवर थांबली, कारण त्यांना शब्द फुटायला लागले. गब्दूच्या चाळीस झाल्या होत्या.

"हे बंद करा," भिंगरी म्हणाली. "माझ्या मुलाशी कुणी हात हलवायचे नाहीत. ऑपरेशन होईपर्यंत तरी नाही."

"मी मावशींना सांगेन, आयाबायांना सांगेन, माझे हात मी बांधून ठेवीन," ताई म्हणाल्या. "पण या नऊ जणांना तुम्ही सांगायचं. मला ते जमणार नाही."

नऊ जणांपैकी एक त्या वेळी भिंगरीचा बूट चाटत होता.

मग भिंगरीची खरी भ्रमंती सुरू झाली. पुढच्या आठवड्यात तिनं गावातली सात पाळणाघरं पालथी घातली. जेवणाच्या सुट्टीत एक, कामावरून सुटल्यावर दोन. सगळीकडं भिंतींवर हत्ती आणि ससे, सगळीकडं फिनेलचा वास, आणि सगळीकडं एकच प्रश्न, मूल कसं आहे? ऐकू येत नाही म्हटलं की समोरची बाई लगेच गोड व्हायची. आमच्याकडं तशी सोय नाही हो. एकीनं विचारलं, म्हणजे हाक मारली तर थांबणार नाही ना तो? भिंगरी म्हणाली, ऐकू येणारी तरी कुठली थांबतात? पण ती तिथूनही परत आली. रात्री तिला झोप लागेना, दिवसा फोनवर लक्ष लागेना. अकराव्या मजल्यावर अडकलेल्या एका आजोबांना तिनं तीनदा एकच प्रश्न विचारला, तेव्हा तेच म्हणाले, बाई, तुम्हीच कुठं अडकल्याहात का?

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. शांत माणूस, एका काचेवर तास घालवील पण एका वाक्यावर मिनिट नाही. तो म्हणाला, असू दे ना तिथंच, खूश असतो तो. भिंगरी म्हणाली, तुझं बरं आहे, तुला बोललं काय नि न बोललं काय. तो गप्प बसला आणि पुन्हा तेच सिद्ध झालं.

आठव्या दिवशी ती हरून ताईंकडं परत आली. ताईंनी विजय साजरा केला नाही. एवढंच म्हणाल्या की उद्या अर्धी रजा टाका आणि दुपारभर इथं बसा, एका जागी, जमलं तर. बघा तरी काय चालतं ते, मग वाटलं तर घेऊन जा मुलाला.

भिंगरी बसली. लहान मुलांच्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला लावून, भिंतीला चिकटून. पहिला पाऊण तास तिनं पाय हलवण्यात घालवला. गब्दू तिच्याकडं बघून एकदा थबकला, हात पाठीमागं नेले आणि लांबच्या कोपऱ्यात गेला. मग खेळात रमला आणि तिला विसरला, आणि हात पुन्हा सुटले.

तिला हळूहळू कळायला लागलं, ते माणसांच्या नावांपासून. इथं प्रत्येकाला हाताचं नाव होतं, आणि ती नावं ताईंनी दिलेली नव्हती, मुलांनीच पाडलेली होती. ताई म्हणजे डोक्यावर मूठ, अंबाड्याची. मावशी म्हणजे दातावर बोट. कुरळी मुलगी म्हणजे कानापाशी गोल फिरणारं बोट. गब्दू म्हणजे दोन्ही गाल फुगवून त्यांवर चापट, आणि हे नाव घेताना प्रत्येक पोराच्या तोंडातून थुंकी उडायची. न्यायला येणाऱ्यांनाही नावं होती. एका बाबांच्या मिशा, एका आजोबांची काठी. साडेचार वाजले की मुलं दाराकडं डोळे लावून बसत, आणि ज्याला आधी दिसेल तो बाकीच्यांना खबर देई की अमक्याचा माणूस आला. पाळणाघराचा हा रोजचा रिवाज होता, आणि कुणीही तो शिकवला नव्हता. गब्दूच्या बापाचं नावही होतं. तो आठवड्यातून जेमतेम एकदा यायचा, दारात उभं राहून सवयीनं चष्मा शर्टाला पुसायचा. म्हणून त्याचं नाव म्हणजे अंगठा दोन बोटांवर घासायचा, हळूहळू, गोल. फार गोड नाव होतं. भिंगरीला त्याचा हेवा वाटला, अगदी उघड हेवा.

"आणि मी?" तिनं विचारलं.

ताईंना एकाएकी दुधाच्या बाटल्या आठवल्या. मावशी मात्र तोंडाच्या सैल होत्या. त्या म्हणाल्या, सांगून टाका हो ताई, कधी ना कधी कळणारच आहे. ताईंनी बाटली खाली ठेवली. म्हणाल्या, मी सांगण्यापेक्षा तुम्ही फाटकापर्यंत जा आणि रोजच्यासारख्या आत या.

भिंगरी गेली, फाटकाला हात लावला आणि रोजच्यासारखी तरातरा दारात आली. कुरळीनं तिला आधी पाहिलं. तिनं उजव्या हातानं स्वतःचंच डावं मनगट पकडलं, घट्ट, आणि दोन्ही हात तसेच वर उचलून सगळ्यांना दाखवले. गब्दूची पाठ होती. कुरळीनं त्याचा शर्ट ओढला, त्याला फिरवला आणि पुन्हा मनगट धरून दाखवलं. गब्दूनं दाराकडं पाहिलं. त्यानंही आपलं मनगट पकडलं आणि शेजारच्या मुलाला सांगितलं. शेजारच्यानं पुढं सांगितलं. अजून धड उभंही न राहता येणारं एक बाळ आपलं मनगट शोधत बसलं.

"हे काय, घड्याळ?" भिंगरी हसली. "मी कायम घाईत असते म्हणून?"

"घड्याळ असं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मनगटावर एका बोटानं टकटक केलं. "हे म्हणजे हात धरून ठेवलेला."

"कुणी शिकवलं त्याला हे?"

"इथं कुणी नाही. ते त्यानं घरून आणलं."

भिंगरीनं मुलाला उचललं आणि ती घरी निघाली. रस्त्यात बस हुकली तरी ती धावली नाही, दुसरी आली तरी चढली नाही, चालतच राहिली. तिला लाज वाटत होती. अशी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. एवढे दिवस ती हाकेची वाट बघत होती, आणि इकडं तिचं नाव ठेवून झालं होतं, पाळणाघरभर झालं होतं, परक्या पोरांच्या तोंडी, म्हणजे हाती, बसलं होतं. आणि ते नाव असं होतं. तिनं गब्दूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. आपले हात नेमके कुठं ठेवावेत हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमकडं गेली आणि यापुढं मी हात धरणार नाही म्हणाली. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी समजावलं, मग त्या रागावल्या, मग म्हणाल्या, ऑपरेशन झाल्यावर सहा महिन्यांनी हा बोलला नाही तर माझ्याकडंच याल रडत. भिंगरी अर्धा जिना उतरली आणि पुन्हा वर जायला वळली. कारण मॅडमचं खरं निघालं तर? आज हात सोडले म्हणून उद्या जीभ बांधली गेली तर? हात धरले तरी पाप आणि सोडले तरी पाप, अशी तिची गत झाली. घरी ती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायची. सासूबाई शेवटी म्हणाल्या, अगं, फरश्या झिजतील.

हात सोडणंही सोपं नव्हतं. गब्दूच्या घरच्या हातांना आता तिचाच धाक होता. ती ग्लास उचलायला हात पुढं करी, आणि हा आपले हात पाठीमागं लपवी. ती रोज पाळणाघरात अर्धा तास थांबून खुणा शिकायची आणि घरी येऊन त्याच्यासमोर वेड्यासारखे हातवारे करायची, आणि तो सापळा ओळखणाऱ्या उंदरासारखा बघत बसायचा. नवव्या दिवशी आंघोळीत ती डोक्यावरून पाणी घालत असताना त्यानं दोन्ही पंजे उलटे केले. संपलं. डोक्याला फेस तसाच, आणि तिनं त्याला तसाच बाहेर काढला, टॉवेलात गुंडाळला आणि घरभर नाचवला. दिवसभर पोराच्या केसांना साबणाचा वास येत होता.

मग पाणी आलं, दूध आलं, नको आलं. नको तर फारच आलं. पण तिचं नाव तो तिच्यासमोर घेईना. तिनं त्याला दुसरं नाव देऊन पाहिलं. तिच्या गालावर तीळ होता, त्यावर बोट टेकवून ती स्वतःकडं दाखवायची, हे मी, हे मी. गब्दूनं तिळाची बारकाईनं तपासणी केली, नखानं तो निघतो का पाहिलं आणि सोडून दिला. दुसऱ्या दिवशी पाळणाघरात ती दारात दिसताच त्यानं सगळ्यांना मनगट धरून दाखवलं.

"नाव ठेवणारा तो आहे," ताई म्हणाल्या. "तुम्हाला बदलून मागता येत नाही. आणि तुम्हाला वाटतंय तसं ते हाक मारणंही नाही. ते तो दुसऱ्यांना सांगतो, की ती आली. हाक मारायची तर समोरच्याकडं बघून मारावी लागते."

हे भिंगरीला जास्त लागलं. बरोबरच होतं. आता घरी बापाचा सदरा ओढून, त्याच्याकडं बघून तो अंगठा घासायचा, आणि काय हवं ते सांगायचा. तिच्याबद्दल तो सगळ्या जगाला सांगत होता, फक्त तिला सोडून. तिच्यासमोर ते नाव घ्यायला हात मोकळे होते कुठं? आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, आता तिला तेच नाव हवं होतं. तीळ नको, दुसरं काही नको. जे ठेवलं आहे तेच, पण तोंडावर.

तारीख आली. सकाळी आठला गब्दूला आत नेलं. भिंगरीला बाकावर बसवलं होतं, पण ती बसली नाही. एका टोकाला पाण्याचं यंत्र आणि दुसऱ्या टोकाला आग विझवायच्या वाळूची बादली, या दोन्हींमध्ये ती साडेपाच तास फिरली. नवऱ्यानं चष्मा पुसून पुसून त्याची एक काडी सैल केली. दुपारी दीड वाजता डॉक्टर आले, सगळं नीट झालं म्हणाले आणि गेले.

गब्दूला खाटेवर आणलं तेव्हा तो अर्धवट झोपेत होता. डोक्याभोवती केवढंतरी पांढरं बँडेज, त्यातून गाल तेवढे बाहेर. डाव्या हाताला सलाईन. ती सुई हलू नये म्हणून हाताखाली फळी देऊन पंजापासून कोपरापर्यंत पट्ट्या गुंडाळल्या होत्या. नवरा खाली औषधं आणायला गेला होता. नर्सनं सलाईनचा थेंब बघितला आणि भिंगरीकडं वळली. तिथं सगळ्याच बायकांना आई म्हणायची पद्धत होती.

"आई, शुद्धीवर येताना मुलं सुई उपटतात. त्याचा उजवा हात धरून ठेवा. घट्ट. सोडायचा नाही."

भिंगरीनं तो हात पाहिला. चादरीवर पडलेला, लहान, मोकळा. तिनं आपला पंजा त्याच्याखाली सरकवला, उघडाच, आणि मूठ मिटली नाही. असं नाही हो, मनगटाला धरा, नर्स म्हणाली. भिंगरीनं मान हलवली, पण मूठ तिच्यानं मिटवेना. सुई निघाली तर? टाके ओढले गेले तर? शेवटी या एका हातापायी सगळं वाया गेलं तर?

गब्दूनं डोळे उघडले. छत पाहिलं, दिवा पाहिला, नर्स पाहिली. मग त्याला भिंगरी दिसली. त्याची नजर तिच्यावर थांबली, आणि त्याचा उजवा हात तिच्या पंजावरून उठला आणि सरळ डाव्या हाताकडं निघाला.

"बघा, सुईकडंच चालला," म्हणत नर्सनं झडप घालून तो हात धरला.

"सोडा," भिंगरी म्हणाली.

"अहो, उपटेल तो."

"नाही उपटणार. तो बोलतोय. सोडा त्याचा हात."

तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, नर्सनं हात सोडला. गब्दूचा हात पुन्हा निघाला आणि डाव्या मनगटाशी पोचला. पण तिथं मनगट नव्हतंच, फळी होती, पट्ट्यांचं जाड भेंडोळं होतं. बोटं त्याच्याभोवती जाईनात. त्यानं पुन्हा एकदा धरून पाहिलं. निसटलं. त्यानं भिंगरीकडं पाहिलं, आणि त्याचा खालचा ओठ बाहेर आला.

भिंगरीनं बाही वर सारली आणि आपलं मनगट त्याच्या हाताखाली नेलं. गब्दू त्या मनगटाकडं बघत राहिला, मग तिच्या तोंडाकडं. मग त्यानं ते पकडलं. चार बोटं आणि अंगठा, अर्ध्यापर्यंतही पोचत नव्हते, पण पकडलं घट्ट, आणि नजर तिच्या चेहऱ्यावरून हलवली नाही.

घाबरलंय बाळ, असू दे, धरू दे तुम्हाला, असं म्हणून नर्स दुसऱ्या खाटेकडं गेली. भिंगरीनं तिला काही समजावलं नाही. तिला हलायचंच नव्हतं.

"ओ," ती म्हणाली. त्याला ऐकू येणार नव्हतं, यंत्र सुरू व्हायला अजून महिना होता, तरी ती मोठ्यानं म्हणाली. त्यानं पुन्हा मनगट दाबलं, आणि तिनं पुन्हा ओ दिली.